कर्दनकाळांचा हिशेब

न्यूयॉर्कच्या मेट्स या बेसबॉल संघाच्या चाहत्यांना चिपर जोन्स हे नाव ऐकलं तरी पुरे व्हायचं. अटलांटा ब्रेव्हजचा हा फलंदाज मैदानात उतरला की अख्खं स्टेडियम त्याच्या जन्मनावाने ‘लॅऽरी, लॅऽरी’ असा गजर करून त्याला डिवचत असे. रागाला कारणही तसंच होतं. सप्टेंबर १९९९ मध्ये हे दोन्ही संघ विभागाच्या विजेतेपदासाठी झुंजत असताना अटलांटातल्या तीन सामन्यांच्या मालिकेत जोन्सने चार होमरन (थेट सीमेपार जाणारे फटके) मारले. मेट्स तिन्ही सामने हरले आणि त्या मोसमातला नॅशनल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान जोन्सकडे गेला. पुढे त्याने मेट्सच्या शे स्टेडियमवरून आपल्या मुलाचं नावच ‘शे’ ठेवलं. जखमेवर मीठ चोळणं याहून वेगळं काय असतं? ‘मेट्सचा कर्दनकाळ’ ही त्याची ख्याती तेव्हापासून कायमची झाली. पण आकडे काय म्हणतात? जोन्सची मेट्सविरुद्धची सरासरी ०.३०९ आणि संपूर्ण कारकिर्दीची ०.३०३. म्हणजे हजार संधींमागे अवघ्या सहा हिटचा फरक. मेट्सविरुद्ध त्याने ४९ होमरन मारले हे खरं, पण एकूण होमरन होते ४६८, आणि एकाच विभागात असल्यामुळे मेट्सशी गाठ इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा पडत होती. जोन्स कर्दनकाळ होताच, पण तो जवळपास सगळ्यांचाच होता.

अमुक फलंदाज अमुक संघाविरुद्ध कसा खेळतो, हा प्रश्न अमेरिकेत प्रत्येक सामन्याआधी विचारला जातो. टीव्हीच्या पडद्यावर त्याचा तक्ता झळकतो, समालोचक त्यावर बोलतात, पैजा लावणारे त्यावर पैसे लावतात. हा आकडा खोटा नसतो. जे घडलं त्याची ती प्रामाणिक नोंद असते. मात्र उद्या काय घडेल हे सांगण्यासाठी तो बहुतेक वेळा कुचकामी ठरतो. कारण फलंदाजाच्या दृष्टीने ‘संघ’ नावाची एकसंध गोष्टच समोर नसते. समोर असतो एक पिचर (चेंडू टाकणारा), एक मैदान, काही क्षेत्ररक्षक आणि भरपूर योगायोग. या चार गोष्टी वेगळ्या काढल्या की संघाच्या नावावर उरतं ते फारच थोडं.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. बेसबॉलची सरासरी धावांची नसते. फलंदाजाला मिळालेल्या संधींपैकी किती संधींत त्याने चेंडू मारून किमान पहिला बेस गाठला, म्हणजे ‘हिट’ मिळवला, त्याचं ते गुणोत्तर असतं. पिचरने मारता न येण्याजोगे चार चेंडू टाकल्यामुळे फुकट मिळालेला बेस, म्हणजे ‘वॉक’, त्या संधींत धरत नाहीत. दहात तीन वेळा यश मिळालं, म्हणजे सरासरी ०.३०० झाली, की फलंदाज उत्तम समजला जातो. २०२४ मध्ये मेजर लीगमधल्या सगळ्या फलंदाजांची मिळून सरासरी ०.२४३ होती. अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये पूर्ण मोसमात ०.४०० गाठणारा शेवटचा फलंदाज बोस्टनचा टेड विल्यम्स, आणि ते वर्ष १९४१ होतं. पिचरपासून फलंदाजापर्यंतचं अंतर साडेसाठ फूट. वेगवान चेंडू ते जेमतेम ०.४ सेकंदात कापतो. त्यामुळे या खेळात अपयश हाच नियम आहे. सर्वोत्तम आणि सामान्य फलंदाजांत दहा संधींमागे फार तर एका हिटचा फरक पडतो. एवढा बारीक फरक ओळखायचा तर संधी हजारोंनी लागतात, आणि एका संघाविरुद्ध त्या डझनांनी मिळतात.

किती डझन, ते वेळापत्रक ठरवतं. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो. २०२२ पर्यंत आपल्या विभागातल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी १९ सामने होत आणि दुसऱ्या लीगमधल्या कित्येक संघांचं त्या वर्षी तोंडही दिसत नसे. १९९७ पूर्वी तर दोन लीगमधले संघ अंतिम ‘वर्ल्ड सिरीज’खेरीज एकमेकांशी अधिकृत सामना खेळतच नसत. २०२३ पासून वेळापत्रक बदललं. आता विभागातल्या प्रत्येक संघाशी १३ सामने आणि इतर सगळ्यांशी किमान तीन तरी होतात. एका सामन्यात फलंदाजाला साधारण चार संधी मिळतात. म्हणजे विभागातल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध वर्षाला पन्नासेक आणि दुसऱ्या लीगमधल्या बहुतेक संघांविरुद्ध अवघ्या बारा. बारापैकी सहा वेळा चेंडू नीट बसला की सरासरी ०.५००, तीन वेळा बसला की ०.२५०. तीन हिटच्या जोरावर एक जण ‘कर्दनकाळ’ ठरतो आणि दुसरा सामान्य.

आता समोरच्या संघाकडे पाहू. फलंदाजाशी खरी झुंज पिचरची असते, आणि संघात पिचर एक नसतो. सध्याच्या नियमांनुसार २६ जणांच्या चमूत जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. सामन्याची सुरुवात करणारे त्यांतले साधारण पाच जण असतात, आणि त्यांना दोन सामन्यांमध्ये चार-पाच दिवसांची विश्रांती लागते. तीन सामन्यांच्या मालिकेत त्या पाचांपैकी तिघेच वाट्याला येतात. ते संघाचे हुकमी तिघे असतील की डळमळीत तिघे, हे निव्वळ तारखांवर अवलंबून असतं. १९९०च्या दशकात अटलांटाकडे ग्रेग मॅडक्स, टॉम ग्लॅविन आणि जॉन स्मोल्ट्झ असे तीन अव्वल पिचर एकाच वेळी होते. तेव्हा अटलांटाविरुद्ध अनेकांची सरासरी घसरायची, यात नवल नाही. त्या घसरणीचा उपयोग आज कुणाला? ते तिघे केव्हाच निवृत्त झाले, गणवेश मात्र तोच राहिला. एखाद्या फलंदाजाची दहा वर्षांतली ‘अमुक संघाविरुद्धची’ सरासरी काढताना आपण बहुधा तीन-चार वेगवेगळ्या चमूंचं मिश्रण एकाच नावाखाली मोजत असतो.

पिचर कोणत्या हाताचा, यालाही मोठं महत्त्व आहे. उजव्या हाताने टाकलेला वळणारा चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर पळतो, तर डाव्या फलंदाजाच्या दिशेने आत येतो आणि त्याला नीट दिसतो. म्हणून बहुतेक फलंदाज विरुद्ध हाताच्या पिचरसमोर अधिक चांगले खेळतात. मॅनेजरांना हे शंभराहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे. १९१४ मध्ये जॉर्ज स्टॉलिंग्जने बोस्टन ब्रेव्हजच्या आउटफिल्डमधले खेळाडू समोरच्या पिचरचा हात पाहून बदलत ठेवले आणि मोसमाच्या मध्यापर्यंत तळाशी असलेल्या त्या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. जोन्ससारखे काही जण दोन्ही बाजूंनी फलंदाजी करून ही अडचण टाळतात. डाव्यांना डाव्या पिचरची किती धास्ती वाटते, याचा जाहीर विनोद १९९७च्या ऑल-स्टार सामन्यात झाला. सहा फूट दहा इंचांचा डावखुरा रँडी जॉन्सन पिचिंग करत होता. त्याचा एक चेंडू डावखुऱ्या लॅरी वॉकरच्या डोक्यावरून गेला. वॉकरने हेल्मेट उलटं फिरवलं आणि तो सरळ पलीकडच्या बाजूला जाऊन उजव्या हाताने उभा राहिला. एखाद्या संघात डावे पिचर जास्त असले की डावखुऱ्या फलंदाजांची त्या संघाविरुद्धची सरासरी खाली येणारच. पण तिथे कारण डावा हात आहे. ते पिचर दुसऱ्या संघात गेले की अडचणही त्यांच्याबरोबर जाते.

मैदानाचं तर विचारूच नका. क्रिकेटची खेळपट्टी बदलते तशी बेसबॉलमध्ये सीमारेषा बदलते आणि हवाही बदलते. बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडची भिंत ३७ फूट उंच आहे, पण ती इतकी जवळ आहे की इतरत्र सहज झेलला गेला असता असा चेंडू तिच्यावर आपटून हिट होतो. सगळ्यांत टोकाचं उदाहरण डेन्व्हरचं. कोलोरॅडो रॉकीजचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत टोलवलेला चेंडू जास्त लांब जातो आणि पिचरचा चेंडू मात्र कमी वळतो. शिवाय होमरन आटोक्यात राहावेत म्हणून आउटफिल्ड प्रशस्त ठेवलं आहे, त्यामुळे क्षेत्ररक्षकांच्या मधल्या मोकळ्या जागेत चेंडू पडत राहतात. चेंडू कोरडे पडून जास्त उसळू नयेत म्हणून २००२ पासून ते दमट कपाटात ठेवतात. त्याने फरक पडला, पण उंची काही कमी होत नाही. रॉकीजच्याच लॅरी वॉकरची कूर्स फील्डवरची सरासरी ०.३८१ आणि संपूर्ण कारकिर्दीची ०.३१३. पाहुण्या फलंदाजांनाही याच हवेचा लाभ मिळतो. लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, सॅन फ्रान्सिस्को हे रॉकीजच्याच विभागातले संघ दरवर्षी तिथे सहा-सात सामने खेळतात. त्यांच्या फलंदाजांच्या तक्त्यात ‘रॉकीजविरुद्ध’ हा रकाना फुगलेला दिसला, तर त्यात रॉकीजच्या पिचरचा वाटा किती आणि डोंगराळ हवेचा किती, हे आधी पाहायला हवं. घरचे आणि बाहेरचे सामने वेगळे केले की बऱ्याचदा कोडं तिथल्या तिथे सुटतं.

संघ म्हणून समोरच्यांचा खराखुरा हात असतो तो क्षेत्ररक्षणात. जो डिमॅजिओने १९४१ मध्ये सलग ५६ सामन्यांत किमान एक हिट मिळवण्याचा विक्रम केला. ती मालिका १७ जुलैला क्लीव्हलँडमध्ये तुटली, कारण तिथल्या केन केल्टनरने तिसऱ्या बेसपाशी दोन जोरदार फटके अडवून त्याला बाद केलं. डिमॅजिओ त्या दिवशी वाईट खेळला नव्हता, तरी सरासरीत ते दोन्ही फटके अपयश म्हणूनच नोंदले गेले. क्लीव्हलँडच्याच लू बूड्रोने १९४६ मध्ये टेड विल्यम्सला रोखण्यासाठी जवळजवळ सगळे क्षेत्ररक्षक उजवीकडे नेऊन उभे केले, कारण डावखुरा विल्यम्स तिकडेच मारत असे. ही युक्ती पुढे, विशेषतः गेल्या दशकात, संगणकाच्या मदतीने सर्रास वापरली जाऊ लागली. अखेर २०२३ मध्ये नियम करून दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर ठेवणं बंधनकारक झालं. त्या वर्षी इतरही नियम बदलले, आणि लीगची सरासरी ०.२४३ वरून ०.२४८ वर गेली. एखाद्या संघाने एखाद्या फलंदाजाचा नीट अभ्यास केला तर त्याचे हिट खरोखर कमी होऊ शकतात. मात्र अशी युक्ती यशस्वी ठरली की बाकीचे संघ तिची नक्कल करतात, आणि एका संघाचं वैशिष्ट्य बघता बघता सगळ्यांचं होतं.

हे सगळं वजा केल्यावर उरतो योगायोग, आणि त्याचा वाटा भल्याभल्यांना चकवतो. समजा, एका फलंदाजाची खरी क्षमता ०.२७० आहे आणि सगळे संघ त्याच्यासाठी अगदी सारखे आहेत. प्रत्येक संघाविरुद्ध त्याला ५० संधी मिळाल्या, तर सरासरी १३ ते १४ हिट अपेक्षित आहेत. संभाव्यतेचं साधं गणित सांगतं की तीनपैकी दोन वेळा हा आकडा ११ ते १६ च्या दरम्यान पडेल. म्हणजे सरासरी ०.२२० पासून ०.३२० पर्यंत कुठेही, आणि तीही फलंदाजात काडीचा बदल न होता. विसांत एखाद्या वेळी तो सातवर किंवा त्याखाली थांबेल किंवा विसापर्यंत पोहोचेल. प्रतिस्पर्धी २९ आहेत. त्यामुळे एक-दोन संघांविरुद्ध त्याची सरासरी ०.४०० च्या आसपास किंवा ०.१४० च्या आसपास दिसणारच. नेमका तोच रकाना पडद्यावर झळकतो, कारण बाकीचे कंटाळवाणे असतात.

हे गणित प्रत्यक्षात कसं उतरतं, हे ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं. त्यांनी १९७० च्या मोसमातले १८ फलंदाज घेतले. प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधींतली सरासरी पाहिली आणि उरलेल्या मोसमात काय झालं त्याच्याशी ती ताडून पाहिली. पंचेचाळीस म्हणजे एका विभागीय प्रतिस्पर्ध्याविरुद्ध आज वर्षभरात मिळतात जवळपास तेवढ्याच संधी. पिट्सबर्गचा रोबेर्तो क्लेमेंते ०.४०० वर होता, नंतर तो ०.३४६ ने खेळला. फ्रँक रॉबिन्सन ०.३७८ वरून ०.२९८ वर आला. जे जॉनस्टन ०.३३३ वरून थेट ०.२२२ वर. उलट न्यूयॉर्क यांकीजचा नवखा थर्मन मन्सन ०.१७८ वर चाचपडत होता. उरलेल्या मोसमात त्याने ०.३१६ ची सरासरी राखली आणि त्याच वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. त्या ४५ संधींवर विसंबून कुणी मन्सनला बाहेर बसवला असता तर? एफ्रॉन आणि मॉरिस यांचा उपाय सोपा होता. प्रत्येकाचा आकडा अठराही जणांच्या सरासरीकडे, म्हणजे ०.२६५ कडे, बराचसा खेचायचा आणि मग अंदाज बांधायचा. या पद्धतीने अंदाजांतली एकूण चूक, वर्ग करून मोजली असता, एक तृतीयांशाहूनही कमी झाली. संघनिहाय आकड्यांनाही हाच न्याय लावायला हवा. संधी जितक्या कमी, तितका तो आकडा फलंदाजाच्या एकूण सरासरीकडे जास्त खेचून वाचायचा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. काही जोड्या खऱ्याच असतात की! आपल्याकडे क्रिकेटमध्ये अमका फलंदाज तमक्या गोलंदाजाचं ठरलेलं गिऱ्हाईक असतो, तसं बेसबॉलमध्येही असणारच. याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण टोनी ग्विन आणि ग्रेग मॅडक्स यांचं. मॅडक्स म्हणजे ३५५ विजय आणि १९९२ ते १९९५ अशी सलग चार वर्षं सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवलेला माणूस. सॅन डिएगोच्या ग्विनने त्याच्याविरुद्ध ९४ संधींत ३९ हिट मारले. सरासरी ०.४१५. एकदाही तो स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, झाला नाही. हे उदाहरण खरोखर भक्कम वाटतं, म्हणून ते जरा जवळून पाहू. ग्विनची कारकिर्दीची सरासरी ०.३३८ होती, म्हणजे ९४ संधींत त्याने कुणाविरुद्धही ३२ च्या आसपास हिट मारलेच असते. ही दंतकथा उभी आहे ती पंधरा वर्षांत जास्तीच्या मिळालेल्या सात-आठ हिटवर. ग्विन शेकडो पिचरना सामोरा गेला, आणि त्यांतली सगळ्यांत डोळ्यांत भरणारी जोडी आपण नंतर निवडली. स्ट्राइकआउटचं म्हणाल, तर तो मुळातच शंभरात चार वेळा तसा बाद होत असे. तरीही इथे काहीतरी खरं असावं असं मानायला जागा आहे. मॅडक्स वेगाने चीत करणारा पिचर नव्हता. कडेला चेंडू टाकून, वेग कमी-जास्त करून फलंदाजाकडून हलका फटका काढून घेणं ही त्याची कला, आणि चेंडूला बॅट नेमकी लावण्यात ग्विनचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण हे मान्य केलं तरी यश कोणत्या संघाविरुद्धचं? मॅडक्स आधी शिकागो कब्जकडे होता, १९९३ पासून अटलांटाकडे. ग्विनचे हिट मॅडक्सच्या मागोमाग एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेले.

दुसरा आक्षेप अनुभवी माणसांचा आहे. बॉल्टिमोरचा नामांकित मॅनेजर अर्ल वीव्हर कोणता फलंदाज कोणत्या पिचरसमोर कसा खेळला, याच्या नोंदी कार्डांवर ठेवत असे आणि त्यावरून संघ निवडत असे. शिवाय खेळाडू स्वतः सांगतात की काही पिचरचा चेंडू त्यांना मोठा दिसतो, काही मैदानांवर पाऊल ठेवताच बळ येतं. त्यांना खोटं ठरवण्याचं कारण नाही. आत्मविश्वास खरा असतो, पण त्याने पुढच्या वेळी जास्त हिट मिळतात का, हे तपासता येतं. टॉम टँगो, मिचेल लिक्टमन आणि अँड्र्यू डॉल्फिन यांनी ‘द बुक’ या पुस्तकात नेमकं हेच तपासलं. काही वर्षं ठरावीक पिचरना झोडपणारे फलंदाज त्यांनी निवडले आणि त्याच जोड्या पुढे भिडल्या तेव्हा काय झालं ते पाहिलं. ते फलंदाज त्यांच्या नेहमीच्या क्षमतेइतकेच खेळले. आधीचं वर्चस्व जवळजवळ मावळून गेलं होतं. एका पिचरविरुद्धचा इतिहास पुढच्यासाठी एवढा दुबळा ठरतो, तर तेरा बदलत्या पिचरच्या संघाविरुद्धच्या इतिहासाला कितीसं बळ असणार?

तिसरा आक्षेप उलट बाजूने येतो आणि तो जास्त विचार करायला लावणारा आहे. सरासरीवर एवढा विश्वास ठेवला तर समोर दिसतं त्याकडे डोळेझाक होणार नाही का? २०२० च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना इथे हमखास पुढे केला जातो. टँपा बेचा पिचर ब्लेक स्नेल लॉस एंजेलिस डॉजर्सना नाचवत होता. ७३ चेंडूंत त्याने फक्त दोन हिट दिले होते, आणि मूकी बेट्स, कोरी सीगर, जस्टिन टर्नर या पहिल्या तिघांना दोन-दोनदा स्ट्राइकआउट केलं होतं. तरी हे तिघे तिसऱ्यांदा यायच्या वेळी मॅनेजर केव्हिन कॅशने त्याला काढून घेतलं, कारण एकाच सामन्यात तिसऱ्या खेपेला फलंदाज त्याच पिचरला जास्त चांगलं खेळतात, हे हजारो सामन्यांच्या नोंदींतून दिसतं. नव्या पिचरला बेट्सने लगेच दोन बेस मिळवून देणारा फटका मारला, १-० ची आघाडी गेली आणि डॉजर्सनी सामना ३-१ ने जिंकून करंडक नेला. कॅशवर टीकेची झोड उठली. पण टीकाकार ज्या पुराव्यावर उभे होते, तो सहा संधींचा आणि एका निकालाचा होता. एका सायंकाळच्या हरण्याने हजारो सामन्यांत दिसलेली गोष्ट खोटी ठरत नाही, आणि कॅशचा निर्णय फसला नसता तरी ती तेवढ्याने सिद्ध झाली नसती. स्नेल त्या दिवशी खरोखर वेगळ्याच लयीत होता, असं कुणी त्याच्या चेंडूंचा वेग आणि वळण मोजून दाखवलं असतं, तर तो आक्षेप वजनदार झाला असता. २०१५ पासून प्रत्येक मैदानावर असलेल्या स्टॅटकास्ट यंत्रणेने अशी मोजमापं मिळतात. डोळ्यांनी पाहण्याला विरोध नाहीच. ज्यामागे कारण दाखवता येत नाही आणि ज्याची संख्या बोटांवर मोजता येते, त्यावर अंदाज बांधण्याला आहे.

म्हणून विश्वास कशावर ठेवावा, याची कसोटी स्पष्ट आहे. डाव्या-उजव्या हाताचा फरक टिकतो, कारण चेंडू कोणत्या बाजूने वळतो हे त्याचं कारण दिसतं आणि त्यामागे शतकभराच्या नोंदी आहेत. डेन्व्हरच्या हवेचा परिणाम टिकतो, कारण तो हवेच्या घनतेतून येतो आणि तिथे खेळणाऱ्या प्रत्येकाला लागू पडतो. तिसऱ्या खेपेचा फायदा टिकतो, कारण फलंदाजाने तोवर पिचरचे चेंडू पाहिलेले असतात. ‘अमुक संघाविरुद्ध ०.३६०’ या आकड्याला असं कारण जोडता आलं, तर ते कारण पिचरच्या, हाताच्या किंवा मैदानाच्या रकान्यात हलवावं आणि तिथेच मोजावं. जोडता आलं नाही, तर तो आकडा फलंदाजाच्या नेहमीच्या सरासरीजवळ आणून वाचावा. चाहत्यांची मजा याने कमी होत नाही. जोन्सच्या चार होमरननी मेट्सची एक मालिका नासवली हे सत्य कुठल्याही संख्याशास्त्राने पुसलं जाणार नाही. फक्त पुढच्या मालिकेत त्याच्यापासून किती सावध राहायचं, हे मेट्सच्या पिचरना त्याच्या एकूण ०.३०३ या सरासरीतूनच जास्त नीट कळलं असतं.